दोन घरी दिलेलं इरजण

दादा, तुझ्या फोनवर आज सकाळी पुन्हा तो निरोप आला. 'जागा संपली आहे.' वहिनींनी चहा गाळता गाळता वाचला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. घरात तुझी खुर्ची रिकामी, चपला दारात तशाच, आणि फोन म्हणतो जागा संपली. तू असतास तर यावर काहीतरी फालतू विनोद करून स्वतःच आधी हसला असतास. मला वाटतं, या निरोपाला आपण काही उत्तर दिलं नाही, तर पलीकडचं कुणीतरी एक दिवस सगळं पुसून टाकेल. ते कोण, कुठे बसतं, त्याला आपलं ऐकू जातं का, मला काहीच माहीत नाही. म्हणजे बघ, मी आता तुझ्यासारखीच बोलायला लागले.

आपलं भांडण हेच तर होतं. मी नांदेडला, विष्णुपुरीजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळणारी. तू जळकोटला झेडपीच्या शाळेवर मास्तर. शिक्षण माझं कॉम्प्युटरचं आणि अक्कल मला शिकवायचास तू. मी म्हणायचे, मायची गाणी क्लाउडवर ठेव, तिथं आपोआप जातात, आपोआप सांभाळली जातात, उद्या फोन पाण्यात पडला तरी चिंता नाही. तू म्हणायचास, "आपोआप म्हणजे कोण गं?"

तुझ्या या प्रश्नाचा मला फार राग यायचा. अजूनही येतो. कारण मी त्याचं उत्तर कधी दिलंच नाही, नुसती चिडले.

मायची गाणी. जयंतीला, विहारात, कुणाच्या लेकराच्या बारशाला तिनं उभ्या उभ्या रचलेली. एकही कागदावर नाही. "लिहून ठेवू का?" म्हटलं की म्हणायची, "लिवलेलं मला वाचाया येत न्हाई, मंग ते माझं कसं?" म्हणून तू ती रेकॉर्ड करायला लागलास. तुझी ती तयारी आठवते. पातेलं पालथं घालून त्यावर फोन ठेवायचा, कुकर वाजू नये म्हणून वहिनींना गॅस बंद करायला लावायचा, आणि फॅन बंद. मे महिन्यात फॅन बंद! आम्ही सगळे घामानं भिजून भिंतीला टेकलेलो, तू फोनवर बोट ठेवून म्हणायचास, "हं, म्हण आता, माय." आणि माय न चुकता म्हणायची, "थांब रं, पाणी पिऊ दे जरा." तांब्या यायचा, ती सावकाश प्यायची, पदरानं तोंड पुसायची. तोवर तू हूं की चूं न करता बसलेला. मग ती सुरू व्हायची:

शाळंच्या वाटंला गं लेक माझा गेला,
पुसलेल्या पाटीचा डाग पदराला ऱ्हायला.

नंतर तू लॅपटॉपवर बसून ते पुढचं सगळं कापायचास. तुझं 'म्हण आता', तिचं पाणी, तांब्याचा आवाज. "गाणं गाण्यापासून सुरू व्हायला पाहिजे," म्हणायचास. मास्तरकी कुठे जाते! शुद्ध करून, नाव घालून, डिस्कमध्ये ठेवून, फोनमधलं-लॅपटॉपमधलं पुसून, ती डिस्क मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात. झालं तुझं जतन.

"घर पडलं तर?" मी एकदा विचारलं होतं. लातूरकडच्या माणसाला हा प्रश्न विचारायची गरज नसते. भूकंपाच्या वेळी तू शाळेत जाणारा, मी मायच्या कडेवर. आपलं घर उभं राहिलं तरी कितीतरी दिवस आपण बाहेर अंगणात झोपलो, हे तूच मला सांगितलेलं. तू म्हणालास, "घर पडलं तर उकरून काढता येतं. तुझं ते वरचं कुठं उकरू?"

'वर'. हा शब्द तुझाच. क्लाउड म्हणायला तुला लाज वाटायची की काय, पण घरात त्याला नाव पडलं 'वर'. फोटो वर टाकले का? ते खालचं काढ, वर हाय. मायसुद्धा विचारायची, "माझं गानं वर गेलं का रं?" आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण आपल्याकडे वर गेलं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक.

तुझा अविश्वास उगाच नव्हता, हे मी कबूल करते. एकदा तू फोन जड झाला म्हणून शाळेच्या सहलीचे फोटो खालून काढलेस आणि ते वरूनही गेले. तू घाबराघुबरा होऊन मला फोन केलास. मी इकडून एकेक सांगत गेले, कचऱ्याच्या पेटीतून ते परत मिळाले. मी शहाणपणानं म्हणाले, "दादा, ते दोन्ही एकमेकांशी जोडलेलं असतं, खाली काढलं की वरून जातं." तू म्हणालास, "मग ती दुसरी प्रत कशी? ती तर आरशातली झाली. इकडं मी मेलो की तिकडंही मेलो."

तेव्हा मी हसले होते.

मायला लकवा आला आणि हा वाद खेळाचा राहिला नाही. तिची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, सूर तर पारच गेला. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिला तिच्या ओळखीचं ऐकवत राहा. मग तू रोज शाळेतून आलास की लॅपटॉप बाजेशेजारी मांडायचास, डिस्क जोडायचास आणि तिला तिचीच गाणी ऐकवायचास. ती डाव्या हातानं बाजेच्या कडेवर ठेका धरायची. तुझ्या घरी आले की मी ते दारात उभी राहून पाहायचे. कधी बोलले नाही, दादा, पण मला तुझा हेवा वाटायचा. मी मायला काय दिलं? लांबून फोन आणि बॅकअपवर भाषण. तिचं सगळं हागणं-मुतणं तू आणि वहिनींनी काढलं. धन्यवाद हा शब्द आपल्यात कुणी वापरत नाही, म्हणून राहूनच गेला.

आणि मग आपलं ते शेवटचं फोनवरचं बोलणं. मी लॅबमध्ये होते, तू शाळेच्या व्हरांड्यात. मागे पोरांचा गलका. मी नेहमीसारखी सुरू झाले, "एक प्रत तरी घराबाहेर ठेव. मी एवढंच मागते. घराबाहेर."

"ठेवली की. फोटोचं ते वर जाऊन ऱ्हायलंय, हिरवी खूण आलीय. अन् दोन घरी इरजण दिलंय. काळजी करू नको."

"मी दह्याचं विचारत नाही, दादा."

तू हसायला लागलास. हसता हसता खोकला आला, मागून कुणीतरी "सर, सर" करत होतं, आणि तू म्हणालास, "ठेवतो, संघे." मला वाटलं, तू विषय टाळतोयस. मायचं इरजण साऱ्या गल्लीत नावाजलेलं. आपल्याकडे विरजणाला इरजण म्हणतात हे मी कॉलेजात बोलून दाखवते तेव्हा पुण्याकडच्या मॅडम हसतात. माय कुणाच्याही वाटीत चमचाभर घालायची, आणि कधी आपलंच दही नासलं की त्याच घरून परत आणायची. ते मुळात आपलंच असायचं. त्याच दह्याच्या गोष्टीवर तू मला नेतोयस असं मला वाटलं. मी फोन टेबलावर जरा जोरातच ठेवला.

पुढचं तुला माहीत नाही. ते सांगायलाच बसले आहे.

तुला लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी बैठकीत माणसं मावेनात. तुला ठेवायला जागा करायची म्हणून टेबल हलवलं, बाज सरकवली, लॅपटॉप उचलला. त्याला डिस्क लटकलेली होती हे कुणी पाहिलं नाही. आदल्या संध्याकाळी तू मायला गाणं ऐकवून तशीच ठेवली असशील. डिस्क फरशीवर पडली. कुणाच्या हातून, मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. त्या वेळी ती पडल्याचा आवाजही मला आला नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या आवाजानं घर डोक्यावर घेतलं असतं.

जलदान विधी झाला, माणसं पांगली, आणि संध्याकाळी माय खुणेनं लॅपटॉप दाखवायला लागली. तिला तू गेलास हे कळलंय, दादा. तिनं तुला पाहिलं, तुझ्या कपाळावरून हात फिरवला. पण संध्याकाळ झाली की तिचा डावा हात बाजेच्या कडेवर जातो आणि वाट बघत राहतो. मी डिस्क जोडली. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच नाही. मी लगेच ओढून काढली. तो आवाज म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, लॅबमध्ये असल्या डिस्का मी हातात घेतल्यात. पण त्या आपल्या मायच्या नव्हत्या.

"वर असतील ना?" वहिनी म्हणाल्या. "त्यांनी टाकलं म्हणले होते."

मग तुझं खातं उघडलं. पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता, पण तुझा नंबर चालू होता, त्यावर कोड आला. उघडलं, आणि हिरवी खूण खरंच होती: बॅकअप पूर्ण. खाली पाहते तर खिचडी. दादा, खिचडीच खिचडी! शाळेच्या मध्यान्ह भोजनाचे फोटो, पातेल्यातली खिचडी, ताटातली खिचडी, रांगेत बसलेली पोरं, हात धुणारी पोरं, वरिष्ठांना पाठवायचे म्हणून काढलेले. त्यात गुलाबाच्या फुलांवर शुभ सकाळ. मी वर जात राहिले, खाली येत राहिले. गाणं एकही नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते आपोआप जे होतं ते फक्त फोटो आणि व्हिडिओ उचलत होतं. आवाजाच्या फाइली त्याच्या खिजगणतीतच नव्हत्या. त्यांना वेगळं टाकावं लागतं. तुला कुणी सांगितलं नाही, त्या हिरव्या खुणेनं तर नाहीच नाही. तू माझ्याशी खोटं बोलला नव्हतास. तू खूण पाहिलीस, विश्वास ठेवलास. ज्या एका वेळी तू माझं ऐकलंस, त्याच वेळी.

मी रडले ते तिथं. तुझ्या जाण्यावर लोक रडत होते तेव्हा मी चहा-पाण्याचं बघत होते, आणि खिचडीच्या फोटोंसमोर बसून हुंदके देत होते. वहिनींना वाटलं मला तुझी शाळा आठवली. एका फोटोत पटांगणावर तुझी सावली पडलीय, फोन धरलेल्या हातांची. एवढ्या सगळ्यात तू तेवढाच.

नांदेडला परतले तशी डिस्क घेऊन एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं कानाला लावून ऐकली आणि मान हलवली. म्हणाला, "मॅडम, ही बाहेर पाठवावी लागंल. मिळालं तर मिळालं. पाठवायच्या आधी अजून कुठं जोडू नका, जोडली की आतलं घासतं." मी ती रुमालात गुंडाळून परत आणली. पाठवायची हिंमत होत नव्हती. कुरिअरवाल्यानं आपटली तर? त्यांनी उघडून आणखी बिघडवली तर? आणि ठेवून द्यायचीही हिंमत होत नव्हती. लॅबच्या ड्रॉवरला कुलूप लावायचे आणि घरी जाताना परत पर्समध्ये घालायचे. बसमध्ये पर्स मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात. शेजारच्या बाईनं विचारलं, काही सोनं-नाणं हाय का? मी मान हलवून म्हटलं, हाव.

त्या दिवसांत मला एक नवीनच भीती लागली. मायची गाणी गेली हे तर होतंच. पण मी माझा फोन धुंडाळला, तुझा आवाज शोधत. एक सेकंदाचाही नाही! तू सगळं टाइप करून पाठवायचास, तेही शुद्धलेखनाच्या चुका न करता. व्हिडिओ काढणारा तू, रेकॉर्ड करणारा तू, म्हणून कशातच तू नाहीस. मायच्या गाण्यांतून तर तू स्वतःला नेमानं कापून टाकायचास. असशील कुणाच्या लग्नाच्या सीडीत, गर्दीत कुठेतरी हसलेला. पण माझ्याकडे तू नव्हतास. "ठेवतो, संघे," हे तू म्हणालास तेव्हा आवाज कसा होता, हे मी मनात लावून बघते, आणि दर वेळी तो थोडा माझ्यासारखा होत जातो.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला मी परत आले, त्या दिवशी गयामावशी आल्या. आठवतंय ना, मायच्या मागं झील धरणाऱ्या गयामावशी, गावाकडच्या, आवाज फाटका पण ताल पक्का. त्यांच्या हातात स्टीलची वाटी, वर झाकण. वहिनींना म्हणाल्या, "दुखाच्या घरात दूध नासतंय. म्हनलं घिऊन जावं. तुमच्याच घरचं इरजण हाय बाई हे, मायनं दिल्यालं."

मी पंगतीत वाढत होते. हातातली पळी तशीच राहिली.

"मावशी," मी म्हटलं, "दादानं तुम्हाला काही दिलं होतं का? दह्याशिवाय?"

"दिलतं की. दही मायनं, अन् ते गान्याचं कार्ड मिलिंदानं. माझ्या डब्यात घालून दिलं त्यानं सोता. मला म्हनला, मावशी, हे बी इरजणच हाय. आमचं नासलं तर तुमच्याकडून नेऊ." मग त्या थांबल्या. "कामून गं? नासलं का?"

मी तिथंच खाली बसले, दादा. वाढायचं राहिलं. लोकांना वाटलं मला भोवळ आली, कुणी कांदा हुंगायला दिला. तू मला सरळ उत्तर दिलं होतंस. घराबाहेर, म्हणालास. दोन घरी, म्हणालास. आणि मी तुला म्हणाले की मी दह्याचं विचारत नाही!

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गयामावशींच्या गावी गेले. डबा म्हणजे तो विटेएवढा लाल स्पीकर, कार्ड घालून गाणी ऐकायचा, हल्ली शेतात निघालेल्या प्रत्येक बाईच्या टोपल्यात असतो तो. मावशी रोज तण निंदायला जाताना लावायच्या. कार्डावर बाकीचं काय काय भरलेलं होतं, पण त्यात मायचीही होती, सगळी नाहीत, निम्मी असतील. मावशींनी हौसेनं बटणाकडे बोट नेलं आणि मी अक्षरशः ओरडले, "नको! लावू नका!"

त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. पण मला त्या कार्डाचा भरवसा वाटेना. शेतातली धूळ, ऊन, घाम खाल्लेलं ते नखाएवढं कार्ड, लावताना गेलं तर? मी ते डब्यासकट पदराखाली धरून जळकोटच्या स्टँडवर आणलं, सलीमभाईंच्या दुकानात, 'गाणी भरून मिळतील' असा बोर्ड असलेल्या. तूच तिथून भरून घेतलं होतंस, हे मावशींनी सांगितलेलं.

सलीमभाईंनी कार्ड ओळखलं. "मास्तरांचं हाय. लई भले आदमी. मी म्हनलं होतं, सर, पुढचं-मागचं कापून साफ करून देतो, तर म्हनले नको, बायांना कशाला साफ पाहिजे, फोनमध्ये जसं हाय तसंच भरून टाका. घाईत होते." मग हेडफोन पुढे करून म्हणाले, "ऐकून तर घ्या, मॅडम."

"आधी कॉपी," मी म्हटलं. "आधी कॉपी, मग ऐकणं."

त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर घेतलं, माझ्या पेनड्राइव्हवर दिलं, मी तिथंच उभ्या उभ्या फोनवर घेतलं आणि फोनवरून वर टाकलं. हातानं टाकलं, फाइल फाइल निवडून, हिरव्या खुणेकडे न बघता. निळी रेघ सरकेना, स्टँडवर नेटवर्क तसलं. उदगीरची गाडी आली, गेली. मी फोन डोक्याच्या वर धरून उभी. सलीमभाई म्हणाले, "दुवा मागून ऱ्हायले का मॅडम?" मी हसले, बऱ्याच दिवसांनी.

दुसरं घर कुठलं, हे त्यांनाही आठवेना. "दो-तीन कार्डं भरले होते. कुणाला दिले, सर जाने." म्हणजे निम्मी गाणी अजून कुठेतरी आहेत, कुणाच्या तरी टोपल्यात, कुणाच्या ट्रॅक्टरवर, धूळ खात. मी विचारत फिरते आहे. विहारात विचारलं, तुझ्या शाळेत विचारलं, लोकांना वाटतं बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला, घरोघर जाऊन इरजण मागते. ते घर सापडेपर्यंत ते कार्ड टिकेल का, ही भीती आता डिस्कच्या भीतीशेजारी येऊन बसली आहे. तुझा नंबरही मी चालू ठेवला आहे. बंद झाला तर ते खातं उघडणारा कोड कुणाला येईल? खिचडी तर खिचडी, त्यात तुझी सावली आहे.

तर मग कोण बरोबर होतं, दादा? मला हे भांडण संपवायचं नाही. तू म्हणायचास, आपलं आपल्या घरात. ते आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या गर्दीत फुटलं. मी म्हणायचे, वर सगळं सुरक्षित. वर खिचडी निघाली. तू तिसरंच काहीतरी करून ठेवलंस आणि मला नीट मराठीत सांगितलंस. आता मी नव्या डिस्का घेतल्यात, वरही टाकलंय, गयामावशींना नवीन कार्ड भरून दिलंय, आणि तरी कॉलेजात चालता चालता मधेच थांबून बघते की फाइल उघडते ना. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय, असं वाटतं. आपोआप म्हणजे कुणीच नाही. रोज कुणीतरी ते लावून बघावं लागतं. तू बघत होतास, रोज संध्याकाळी. आता मी.

सलीमभाईंकडून घरी आले तेव्हा ऊन उतरत होतं. माय बाजेवर उशीला टेकून बसलेली, डावा हात कडेवर, वाट बघत. वहिनींनी आपण होऊन फॅन बंद केला. मी लाल डबा पालथ्या पातेल्यावर ठेवला. का ठेवला ते मलाही सांगता येणार नाही. पहिलं गाणं लावलं.

आधी नुसती खरखर आली. मग कुकरचं झाकण ठेवल्याचा आवाज. आणि मग तू.

"हं, म्हण आता, माय."

कापायचं राहिलेलं. घाईत, जसं हाय तसं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी डब्याकडे बघत होते, म्हणून मला मायचा चेहरा दिसला नाही, आवाज तेवढा आला. तो डब्यातून आला असं मला आधी वाटलं, पण डब्यातली माय अजून बोललीच नव्हती. हा आवाज जड होता, वाकडा होता, लकव्यानंतर पहिल्यांदाच एवढा सलग आलेला.

"थांब... रं," माय म्हणाली. "पाणी... पिऊ दे."

मी डब्याचं बटण दाबून गाणं थांबवलं आणि तांब्या आणायला उठले. ती सावकाश प्यायली, निम्मं सांडलं, डाव्या हातानं पदर ओढून तोंड पुसलं. तिचं होईपर्यंत तू थांबलास.